पूल कुणाचा? की पूल आमचाच?

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि लगेच वाद रंगला: पूल रेल्वेचा की महापालिकेचा? हात झटकणं वकिलाला सोयीचं. पण रोज पुलावरून लोकल गाठणाऱ्याला मग प्रत्येकच पुलाची धास्ती बसते.

दुसरी पद्धत साधी. ‘पूल आमचा. कारण अजून कळलेलं नाही. पुढची माहिती रात्री नऊला.’ आणि नऊला खरंच माहिती द्यायची, नाहीतर होती ती पतही गेली!

शहर तुंबल्यावर दिलं जाणारं ‘विक्रमी पाऊस’ हे उत्तर पहिल्याच, हात झटकण्याच्या जातीचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, हे खरंच. पण मिठी नदीचं पात्र काही पावसाने अरुंद केलं नव्हतं.

कोर्टात कबुली महाग पडेलही. तरी मी दुसरीच पद्धत निवडेन.