लग्नाच्या एडिटिंगसाठी दा विंची रिझॉल्व्ह : माझा कौल

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना मी आधी रंग बघतो. हळदीला पिवळी साडी, झेंडूची तोरणं आणि वर मंडपवाल्याचे जांभळे एलईडी. नवरीचा चेहरा पार निळसर पडतो. रिझॉल्व्हच्या कलर पेजवर चेहऱ्याभोवती पॉवर विंडो (रंगबदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारा आकार) काढायची, ट्रॅकर चालवायचा आणि वेगळ्या नोडमध्ये (रंगकामाच्या वेगळ्या टप्प्यात) फक्त त्वचेचा रंग सावरायचा. ती मान वळवते, विंडो तिच्यामागे जाते, हळद हळदच राहते. या कामात याच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. मुळात हे कलर ग्रेडिंगचंच, म्हणजे व्हिडिओचे रंग सावरण्याचंच साधन. ब्लॅकमॅजिक डिझाइनने 2009 मध्ये दा विंची कंपनी घेतली, एडिटिंग त्यानंतर आलं.

मोफत आवृत्तीतही अल्ट्रा एचडी व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत निघतो. रात्रीच्या वरातीतला नॉइज (अंधारातल्या चित्रात दिसणारे दाणे) काढायचा असेल तर मात्र स्टुडिओ आवृत्ती लागते. ती एकदाच विकत घ्यायची. दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी प्रीमियर प्रोची वर्गणी चालूच ठेवावी लागते आणि फायनल कटसाठी अ‍ॅपलचं मशीन हवं.

ग्राफिक्स कार्डात काटकसर मात्र करू नका. जुन्या लॅपटॉपवर 4के टाइमलाइन अडखळते. तिथे आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवून घ्या. सनई-चौघड्याचा आवाज रिझॉल्व्हच्याच फेअरलाइट या आवाजाच्या पेजमध्ये तिथल्या तिथे नीट होतो, हे फार सोयीचं. नवशिक्यांनी फ्यूजनच्या (इफेक्ट्सच्या पेजच्या) नादी सुरुवातीलाच लागू नये, आधी एडिट पेजवर हात बसवावा.