पगारवाढीनंतरचा आयकर आणि नौपाड्यातले एक करसल्ला कार्यालय

ठाण्याच्या नौपाड्यातील एका लहान करसल्ला कार्यालयाची सेवा मी जून २०२५ मध्ये घेतली. तिथे मला जे समजले ते माझ्यासारख्या अनेक नोकरदारांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्यामुळे कार्यालयाचे नाव मात्र देत नाही.

मे महिन्यात मला पगारवाढीचे पत्र मिळाले. भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा सोडून माझा वार्षिक पगार १२,४०,००० रुपयांवरून १४,१५,००० रुपयांवर गेला आणि वाढ एप्रिलपासून लागू झाली. महिन्याला सुमारे १४,५८३ रुपये जास्त येणार, एवढाच हिशेब मी मनाशी केला आणि त्याच भरवशावर बहिणीला तिच्या मुलाच्या शिकवणीच्या शुल्कासाठी दरमहा सहा हजार रुपये देण्याचा शब्द दिला. मेच्या पगारपत्रकात मात्र टीडीएसच्या, म्हणजे पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराच्या, रकान्यात ७,६५८ रुपये दिसले; वर्षाचा कर उरलेल्या अकरा महिन्यांत विभागला होता. एप्रिलच्या पत्रकात त्या रकान्यात शून्य होते. पगार वाढला की कर वाढतो हे कोणालाही कळते, पण १,७५,००० रुपयांच्या वाढीवर वर्षाला ८४,२४० रुपये कर, म्हणजे जवळपास निम्मी वाढ सरकारजमा का व्हावी, हे मला समजत नव्हते आणि कंपनीच्या वेतन विभागाकडूनही समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

याच सुमारास ओळखीतल्या एका विमा प्रतिनिधीने कर वाचवण्यासाठी वर्षाला एक लाख रुपये हप्त्याची पॉलिसी सुचवली होती, आणि तिच्या अर्जावर सही करण्याच्या बेतात असतानाच मला या कार्यालयात वेळ मिळाली. तिथल्या सल्लागार मॅडमनी अर्ज पाहिला आणि बाजूला ठेवला. "ताई, तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. या हप्त्यातला एक रुपयाही तुमच्या उत्पन्नातून वजा होणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ८०-सी (आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ) आणि ८०-डी (आरोग्य विमा) या कलमांखालील वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात, नव्या प्रणालीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, हे मी कुठेतरी वाचले होते. पण त्याचा अर्थ माझ्या हातातल्या त्या अर्जाशी मी जोडलेला नव्हता. केवळ या एका वाक्यासाठीही त्यांचे शुल्क मी आनंदाने दिले असते.

जुनी प्रणाली मला परवडेल का, हेही त्यांनी माझ्यासमोर मांडून दाखवले. माझ्या नावावर गृहकर्ज नाही आणि मी आई-वडिलांच्या घरात राहत असल्यामुळे घरभाडे भत्त्याची सूटही मिळत नाही. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, भविष्य निर्वाह निधी व पीपीएफ मिळून १,५०,०००, माझ्या आरोग्य विम्याचे २५,००० आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या आई-वडिलांच्या विम्याचे ५०,००० एवढे सगळे धरूनही जुन्या प्रणालीत १,५९,९०० रुपये कर येत होता. दोन्हींचा कर सारखा होण्यासाठी माझ्या पगारावर एकूण ५,७२,५०० रुपयांच्या वजावटी लागल्या असत्या. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना दरवर्षी प्रणाली बदलता येते, कंपनीला दिलेली निवड त्या बाबतीत अंतिम नसते, ही माहितीही त्यांनी दिली.

मग मॅडम माझ्या मूळ प्रश्नाकडे वळल्या. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत पगारदाराला सरसकट मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १२,००,००० रुपयांपर्यंत राहिले, तर कलम ८७-ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतचा कर पूर्ण माफ होतो. जुन्या पगारावर माझे करपात्र उत्पन्न ११,६५,००० रुपये राहिले असते, म्हणून कर शून्य आला असता. ते १३,४०,००० झाल्याबरोबर माफी गेली आणि चार लाखांपासून वरच्या प्रत्येक टप्प्याचा कर एकदम पुढे आला: चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,४०,००० रुपयांवर पंधरा टक्क्यांनी २१,००० आणि या बेरजेवर चार टक्के उपकर. बारा लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना फार मोठा फटका बसू नये म्हणून कर हा बारा लाखांवरील रकमेपेक्षा जास्त आकारला जात नाही. परंतु याचा अर्थ असाही होतो की १२,००,००० पासून सुमारे १२,७०,५८८ रुपयांपर्यंतच्या पट्ट्यात मिळवलेला प्रत्येक रुपया करात जातो आणि वर उपकर द्यावा लागतो. माझ्या वाढीतले सत्तर हजार रुपये या पट्ट्यानेच गिळले होते. कागदावर पेन्सिलीने आखलेली ती पट्टी पाहिल्यावर मेपासून मनात साचलेला अन्यायाचा भाव बराच निवळला, कारण रक्कम तीच असली तरी ती कुठून आली ते आता दिसत होते.

उपाय एकच उरला होता, आणि तो म्हणजे कंपनीमार्फत राष्ट्रीय निवृत्ती वेतन योजना (एनपीएस). कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीतही कलम ८०-सीसीडी(२) खाली वजा होते. माझे मूळ वेतन महिन्याला ६०,००० रुपये असल्यामुळे ही रक्कम दरमहा ८,४०० होते. वर्षभर भरली असती तर करपात्र उत्पन्न १२,३९,२०० रुपयांवर येऊन एकूण कर ४०,७६८ झाला असता. जुलैपासून नऊच हप्ते भरता येणार असल्यामुळे त्या वर्षाचा कर ६६,९७६ रुपयांवर आला, म्हणजे बचत १७,२६४ रुपयांची. हातात येणारा पगार मात्र ८,४०० रुपयांनी घटणार, टीडीएस ७,६५८ वरून ५,७४० वर उतरणार आणि पैसे साधारणपणे वयाच्या साठीपर्यंत अडकणार, हे त्यांनी बचतीचा आकडा सांगण्याच्या आधी सांगितले. सल्लागाराचा प्रामाणिकपणा मला या क्रमात दिसला.

त्यानंतर त्यांनी बहिणीला दिलेल्या शब्दाबद्दल आणि माझ्या इतर बचतीबद्दल विचारले. बँकेत माझी दरमहा ६,५०० रुपयांची आवर्त ठेव चालू होती. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला असेल तरच ती ठेव थांबवून तिची जागा या योजनेला द्यावी, नसेल तर यंदा पूर्ण कर भरून मोकळे व्हावे, असे त्यांचे मत पडले. घरखर्चाची तजवीज झालेली होती. योजनेमुळे हातातला पगार निव्वळ ६,४८२ रुपयांनी कमी झाला आणि तो खड्डा आवर्त ठेवीच्या रकमेने भरला, त्यामुळे बहिणीचे सहा हजार पहिल्या महिन्यापासून न चुकता जात आहेत. मला या सेवेत सर्वांत मोलाचे वाटले ते हेच, की कर वाचवणे आणि घर चालवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे तिथे कोणी मानले नाही.

आता तक्रार. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात दूरध्वनी केला होता. मला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. विषय पगारवाढीचा आहे हे मी तेव्हाच सांगितले होते. योजना जूनपासून सुरू झाली असती तर आणखी ८,७३६ रुपये कर वाचला असता. विवरणपत्रांच्या हंगामातील गर्दी मला मान्य आहे, परंतु ज्या कामात प्रत्येक महिन्याला किंमत आहे ते काम पुढे घेण्याची व्यवस्था असायला हवी. शुल्क १,५०० रुपये होते, तेही काम झाल्यावरच समजले. रक्कम वाजवी आहे, पण ती आधी सांगावी.

सर्व आकडे मी घरी आल्यावर आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील मोफत करगणकात टाकून पाहिले. त्यासाठी लॉगिन करावे लागत नाही. आकडे जुळले. ज्यांना केवळ कर किती हे जाणून घ्यायचे आहे त्यांना तेवढे पुरेसे आहे; पगाराची रचना बदलायची असेल तर मात्र माणसासमोर बसावे. या कार्यालयात जाताना पगारवाढीचे पत्र, अलीकडची दोन पगारपत्रके आणि वार्षिक माहिती विवरण (एआयएस, म्हणजे आयकर विभागाकडे नोंद असलेल्या आपल्या उत्पन्नाचा तपशील) सोबत न्यावे, कारण व्याज किंवा शेअर विक्रीचा नफा असल्यास हिशेब बदलतो आणि मॅडम सर्वांत आधी तेच विचारतात. मागील वर्षाच्या पगाराची थकबाकी मिळाली असेल तर तेही सांगावे, त्यावरील करसवलतीसाठी आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०-ई भरावा लागतो. आणि वेळ मात्र पत्र हातात पडेल त्याच दिवशी मागावी.