आखाजीचे मांडे, निकालाच्या दिवशी

यंदा (2025) आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला आली आणि शाळेचा निकाल 1 मेला. सणाच्या सकाळी घागर भरली, तव्यावरच्या पोळ्यांचा नैवेद्य दाखवला आणि मी परत प्रगतिपुस्तकं घेऊन बसले. चौथीचा वर्ग, 27 मुलं, प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी. ‘वाचन चांगले’ असं सगळ्यांना लिहून मोकळं होणं मला जमत नाही. जून-जुलैत तोंड न उघडणारी पोर मार्चमध्ये फळ्यापुढे उभी राहून सतराचा पाढा म्हणते, तर तिच्या पुस्तकात तेच यायला हवं.

नणंद माहेरी आलेली. सासूबाईंचा खांदा दोन वर्षांपासून धरलाय, मला मांडे, म्हणजे मातीच्या खापरावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या, येत नाहीत. म्हणून अमळनेरातच आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी मांडे करून देतात, त्यांना सांगितलं. आखाजीचा दिवस आधीच भरलेला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी या म्हणाल्या.

झेंडावंदन झालं, निकाल वाटले. पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणारी ही मुलं फाटकापर्यंत जाऊन पुन्हा पुन्हा वळून येत होती. शेवटची दोघं गेल्यावर वर्गाला कुलूप लावलं आणि तशीच मावशींकडे गेले. पाटी नाही, दुकान नाही. अंगणात पत्र्याखाली दोन चुली. बाहेर ऊन असं की चप्पल पोळत होती.

‘बठा घडीभर, बाई. समदा पोरे पास व्हयनात का?’

बसले. पाणी प्याले आणि अर्धा तास नुसती बघत राहिले. वस्त्रगाळ पिठाची कणीक सैल भिजवून तेल-पाण्यानं इतकी तिंबलेली की ओढली तर लांबत जायची, तुटायची नाही. त्यात तिच्याहून जास्त पुरण. मग हा उंडा, म्हणजे पुरण भरलेला गोळा, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा, तो कोपरापर्यंत पसरतो, आणि एका झटक्यात उपड्या खापरावर. आच सरपणाची. पलटून झाला की रुमालासारखी घडी. कित्येक महिन्यांत मी कुणाच्या हातांकडे इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

मांडा उत्तम. कडेपर्यंत पुरण, कडा मऊ, वेलदोडा-जायफळ बेताचं, मातीचा आणि धुराचा किंचित वास. तव्यावरच्या पोळीला हे येतच नाही. 80 रुपयांना एक, दोघांना पुरतो. घरी आमरसात बुडवून खाल्ला, सोबत कुरडई आणि भजी. नणंदेनं तिसरा मागितला. सासूबाईंनी घडी उलगडून आधी उजेडात धरून पाहिली, मगच खाल्ली.

मावशींची रशी, म्हणजे कटाची आमटी, मात्र जमली नाही. कांदा-खोबरं भाजलेलं चांगलं होतं, पण कटाचं पाणी जास्त आणि तिखट कमी. खान्देशात रशीनं नाकातून पाणी काढलं पाहिजे. ती घरीच करा, कट मावशी मागितल्यावर देतात. दुसरं, मांडे वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि शाई उतरते. स्वच्छ पांढरं धोतर नाहीतर मोठा डबा घेऊन जा. मी सांगितल्यावर त्यांनी माझे मांडे त्यांच्याच फडक्यात बांधून दिले, फडकं परत करायचं आहे. घरपोच देत नाहीत, फोनवर ऑर्डर घेत नाहीत. दोन दिवस आधी स्वतः जाऊन सांगावं लागतं.

आता बोरी नदीच्या पात्रात अमळनेरचे संत सखाराम महाराजांची यात्रा भरली आहे. एकादशीला रथ, त्या दिवशी आमचा उपवास. पालखी पौर्णिमेला. त्या दिवसासाठी सहा मांडे सांगून ठेवलेत, आणि या वेळी मावशींनी मला सकाळीच बोलावलंय, उंडा हातावर फिरवायला शिकवणार आहेत.