झिरो टू डब्ल्यू की पाय फोर? नाटकाच्या ऑर्गनसाठी बोर्ड निवडताना

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया (गावच्या जत्रा) भरतात आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. साधा मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली एवढंच कळवणारा) आणि रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक, एवढ्यावर ऑर्गनवाल्याचं काम भागतं का, असं आता बरेच जण विचारतात. भागतं. पण बोर्ड कोणता घ्यायचा आणि सॉफ्टवेअर तयार घ्यायचं की स्वतः कंपाईल करायचं, म्हणजे मूळ कोडवरून आपल्या बोर्डासाठी बांधायचं, इथं गाडी अडते.

झिरो टू डब्ल्यू हा पायचा छोटा बोर्ड खिशात मावतो आणि वीज कमी खातो. रॅम मात्र ५१२ एमबी. फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअरवर सुमारे १४० एमबीचा साऊंडफाँट (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांची फाईल) चढवून ऑर्गन, बासरी वाजवायची तर चालून जातो. त्याच्यावरच कंपाईल करायला बसलात की रडवतो. चार कोअर आहेत म्हणून 'मेक' या बांधणीच्या कमांडला चार कामं एकदम दिली तर मेमरी संपून काम मधेच मरतं. एकेक द्या, रात्रभर चालू ठेवा आणि झोपा. हेडफोनची पिन नाही आणि डेटाचं यूएसबी एकच, म्हणून आवाजासाठी जीपीआयओवर (बोर्डावरच्या पिनांवर) बसणारा डॅक, म्हणजे आवाज बाहेर काढणारं छोटं कार्ड, लावावा, म्हणजे यूएसबी कीबोर्डला मोकळं राहतं.

पाय फोरचे कॉर्टेक्स ए-७२ कोअर बरेच दमदार. झिनॲडसबएफएक्ससारखा (थोडक्यात झिन) जड सिंथ, म्हणजे आवाज गणिताने तयार करणारं सॉफ्टवेअर, वाजवायचा असेल तर हाच घ्या. पाय फाईव्ह आणखी वेगवान आहे, पण पूर्ण ताकदीने चालवायला त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात आणि तेवढं देणारी पॉवरबँक आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळेल तर शपथ.

आता कंपाईलचं. ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस जुन्या एआरएमव्ही-६ प्रोसेसरच्या बोर्डांनाही चालावी म्हणून बांधलेली असते. तिच्या तयार पॅकेजात निऑनचा (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सोयीचा) फायदा सहसा मिळत नाही, तिथं स्वतः कंपाईल केल्याचा फरक कानाला कळतो. ६४ बिटमध्ये निऑन आधीपासून गृहीत असतं. तिथं 'ओ-थ्री' आणि 'एमसीपीयू'चे फ्लॅग (कंपायलरला वेगासाठी दिलेल्या सूचना) लावून हाती येतं ते थोडंच. म्हणून आधी ६४ बिट टाका. फ्लुइडसिंथ तयारच घ्या, कंपाईलची मेहनत झिनसाठी राखा. बांधणीची तयारी करणाऱ्या सीमेकला 'रिलीज' सांगायला विसरू नका, नाहीतर बऱ्याच प्रकल्पांत ऑप्टिमायझेशन लागतच नाही. आणि पाय फाईव्हवर 'नेटिव्ह' (याच प्रोसेसरसाठी बांध) हा फ्लॅग लावून बांधलेला सिंथ पाय फोरवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत सुरू होताच पडू शकतो.

हे सगळं मी उलट्या क्रमाने शिकलो. पहिल्या वर्षी दोन रात्री फ्लॅग बदलण्यात घालवल्या, पाय फोर बिस्किटाच्या बंद डब्यात बसवला आणि मोबाईलच्या चार्जरवर चालवला. मध्यरात्री लाईन गेली, जनरेटर लागला आणि आवाज फुटायला लागला. तबल्यावरचा भाऊ म्हणे, "काय बे, पेटीत भजे तळून राहिला का?" घरी तपासलं तर व्होल्टेज पडून प्रोसेसर मंद झालेला. फ्लॅगचा काही संबंधच नव्हता. आता ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा नीट सप्लाय, डब्याला भोकं, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर. ४८,००० हर्ट्झला २५६ फ्रेमचे दोन बफर (वाजण्याआधी आवाज साठवायच्या जागा), म्हणजे साधारण १०.७ मिलिसेकंद उशीर. बोटांना खटकत नाही. १२८ वर निम्मा होतो, पण झिनसोबत खरखरीचा धोका वाढतो.

तिसरी वाट मिनीडेक्सड या सिंथची. लिनक्सच नाही, कार्डवरून थेट सुरू होतो, काही सेकंदांत तयार, आणि वाजताना लाईन गेली तरी कार्ड बिघडायची भीती फार कमी. यामाहाच्या जुन्या डीएक्स-७ सिंथच्या धाटणीचे आठ आवाज झिरो टू डब्ल्यूवरही मिळतात. पण खऱ्या वाद्यांचे नमुने त्यात नाहीत. ऑर्गन जमतो, सनई नाही.

नुसती नाटकं आणि भजनं करायची तर मी झिरो टू डब्ल्यू आणि मिनीडेक्सड घेईन. सनई, व्हायोलिन हवंच असेल तर पाय फोर, ६४ बिट, फाईल सिस्टीम रीड-ओन्ली, म्हणजे लाईन गेली तरी कार्ड बिघडायची भीती कमी. दोन्हीत तेच कार्ड आणखी एक बनवून ठेवा. माझं चिकटपट्टीने कीबोर्डच्या पोटाला लावलेलं असतं.