सौर पंपाच्या नावाखाली माझे ३८,३०० रुपये गेले

आधी आकडे. नोंदणी ५,६००, लाभार्थी हिस्सा २४,५००, वाहतूक आणि विमा ८,२००. एकूण ३८,३००. शेतात पॅनल सोडा, एक नटबोल्टसुद्धा आला नाही.

"सरकारच्या कुसुम योजनेतून तुमचा पाच एचपीचा पंप मंजूर झालाय," असा फोन आला. अर्ज मी खरंच भरला होता. समोरच्याने माझा गट नंबर घडाघडा वाचून दाखवला, त्याला चोर कसा म्हणणार? आणि ज्यांना हसायचंय त्यांनी एकदा रात्रीच्या लाईटीवर कांदा भिजवून बघावा, बिबट्याच्या धाकात, हातात बॅटरी घेऊन.

जीव जळतो तो एका गोष्टीने. २४,५०० टाकताना मोबाईलवर खात्याचं नाव आलं, ते कुठल्यातरी बाईचं. सरकारी हिस्सा बाईच्या खात्यात? मी विचारलंही. "त्या आमच्या अकाउंटंट मॅडम, काका. आज शेवटची तारीख." पिनचे दोन आकडे टाकायचे राहिले होते. टाकले.

वाहतूक-विम्याचे पैसे तर मागायलाच नको होते. विमा आणि पाच वर्षांची दुरुस्ती योजनेतच असते. हिस्सा ओपनला १० टक्के, एससी-एसटीला ५ टक्के, आणि राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत तो महावितरणच्या पोर्टलवरच भरायचा. एजन्सी यादीतून आपण निवडतो, ती आपल्याला फोन करून निवडत नाही. बनावट वेबसाइटबद्दल केंद्राने इशारे काढलेत म्हणे. आमच्या पारावर ते कधी पोचले?

पुढचा तमाशा वेगळाच. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, ऑनलाईन टाका. ऑनलाईन टाकलं तर म्हणे जिल्ह्याला सायबरकडे जा. तिथला साहेब वर न बघता म्हणाला, "तुम्हीच पाठवलेत ना?" हो, मीच पाठवले, म्हणून तर आलोय! सातबारा मागितला, आधार मागितलं, झेरॉक्सचे पैसे वेगळे. एफआयआर मात्र नाही. पैसे गेले की आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, त्याच तासात. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहाल तोवर पैसे चार खाती फिरून येतात.

माझ्यातले १,१४० रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेत. ते सोडवायला मला म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. वकिलाने फी सांगितली, ५,०००.