डेटिंग अ‍ॅप काही महिने वापरल्यावर: काय जमतं, काय नाही (तिशी ओलांडलेल्यांनी नक्की वाचा)

गेल्या पावसाळ्यात सुरू केलं होतं, आता उन्हाळा आलाय, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून लिहितेय. मी पुण्यात असते, पस्तिशीच्या आसपास, घटस्फोट झालाय, नोकरी चालू आहे. दोन अ‍ॅप वापरली, एक डावी-उजवीकडे स्वाइप करायचं (उजवीकडे सरकवलं की पसंत, डावीकडे की नको) आणि दुसरं प्रश्नांची उत्तरं लिहून प्रोफाइल बनवायचं. नावं देत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

आधी चांगलं सांगते. त्याआधी घरच्यांनी विवाहसंस्थेत नाव नोंदवलं होतं. तिथे फॉर्ममध्ये जात, पोटजात, गोत्र, मंगळ, पगार आणि ‘घटस्फोटित’वर टिक केली की पुढची स्थळं कशी येतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये. अ‍ॅपवर मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की रविवारी सकाळी काय करायला आवडतं. घटस्फोटाचं मी मला वाटलं तेव्हा, वाटलं त्याला सांगितलं. हे ज्यांना मिळालं नाहीये ना, त्यांनाच कळेल की ही केवढी मोठी गोष्ट आहे. नुसत्या एवढ्यासाठी सुद्धा मी ही अ‍ॅप चांगली म्हणेन.

आता ते मॅचिंगचं. सगळ्यांचा समज असतो की आत काहीतरी भारी कॉम्प्युटर बसलाय आणि तो आपल्यासाठी माणूस शोधतोय. टिंडर २०१२ ला आलं, त्यांच्याकडे बरीच वर्षं बुद्धिबळातल्या रेटिंगसारखा एलो स्कोअर होता, म्हणजे तुम्हाला कोण राइट स्वाइप करतंय आणि त्या माणसाला स्वतःला किती जण पसंत करतात यावर तुमचा नंबर वर-खाली. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की आता ते वापरत नाही. हिंज नावाचं अ‍ॅप जी रोज एक ‘मोस्ट कम्पॅटिबल’ जोडी सुचवतं त्याच्यामागे गेल आणि शॅप्ली या दोघांचं १९६२ चं गणित आहे, दोन बाजूंच्या पसंतीक्रमातून अशा जोड्या लावायच्या की कोणालाही जोडी मोडून दुसरीकडे जावंसं वाटू नये. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. गणित सुंदरच आहे, पण त्याला आधी तुमची आवड खरी-खरी माहिती पाहिजे, आणि अ‍ॅपला ती कळते तुमच्या अंगठ्यावरून!

ओकेक्युपिड या डेटिंग साइटने तर २०१४ मध्ये उघड सांगितलं होतं की ज्यांचं जुळणं जेमतेम ३० टक्के होतं अशा काही लोकांना त्यांनी मुद्दाम ९० टक्के दाखवलं, आणि त्यांच्यात गप्पा खरंच जास्त झाल्या. नुसता आकडा बघून. त्यामुळे स्क्रीनवर ९० दिसलं म्हणून हुरळू नका आणि ४५ दिसलं म्हणून माणूस सोडू नका.

माझं मत कायमचं पक्कं झालं ते मात्र २०१७ च्या एका अभ्यासाने. समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल, तिघंही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी लोकांकडून स्वभाव, आवडीनिवडी, जोडीदाराकडून अपेक्षा अशा शंभरावर गोष्टी भरून घेतल्या, मग त्यांना एकमेकांना चार-चार मिनिटं भेटवलं, आणि ही सगळी माहिती मशीन लर्निंगला, म्हणजे माहितीतून स्वतः शिकून अंदाज बांधणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला दिली. कोण साधारण सगळ्यांना आवडतो आणि कोणाला साधारण बरेच जण आवडतात, हे त्याला थोडंफार सांगता आलं. पण नेमकं कोणाला कोण आवडेल? ते अजिबात नाही. आणि आपल्याला तर नेमकं तेवढंच पाहिजे असतं! म्हणून मी म्हणते, ओळख करून देणं हे अ‍ॅपचं काम, ते ते छान करतं, निवड त्याच्यावर सोडू नका. आणि मॅच (दोघांनी एकमेकांना पसंत करणं) येत नाही म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे असं तर बिलकुल समजू नका, विशेषतः माझ्यासारख्या ज्यांनी आधीच घरीदारी बरंच ऐकलंय त्यांनी.

सवय लागते हे खरंय. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी जास्त चिकाटीने कळ दाबत राहतो. ‘इट्स अ मॅच’ तसंच येतं, कधीही. दुसरं म्हणजे, नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठातल्या प्रोंक आणि डेनिसेन यांनी २०२० मध्ये दाखवलं की लोक एकामागून एक प्रोफाइल बघत जातात तसतसे जास्त नकार द्यायला लागतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत होकाराची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. माणसं तीच, बघणारा कंटाळलेला. मी आता सकाळी चहाबरोबर दहा-बारा प्रोफाइल बघते, नीट वाचते, आणि बंद. रात्री उघडतच नाही. नोटिफिकेशन बंद. याने खूप फरक पडला, खरंच करून बघा.

उंचीबद्दल लोक खोटं बोलतात का, तर हो, पण थोडंच. २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ८० जणांची उंची, वजन मोजून आणि वय तपासून त्यांच्या प्रोफाइलशी ताडून बघितलं होतं, ८१ टक्के लोकांनी निदान एका गोष्टीत तरी फेरफार केलेला, पण बहुतेक फरक अगदी किरकोळ. मला त्याचं काही वाटत नाही. जास्त फसवतं ते लांबलेलं चॅटिंग. समोरचा दिसत नाही, आवाज नाही, तो विचार करून दोन वाक्यं टाकतो आणि उरलेला माणूस आपण मनातल्या मनात तयार करतो. एक जण ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढंच लिहायचा, तो भेटल्यावर राजगडाबद्दल तासभर इतकं जीव ओतून बोलला की मला उठावंसं वाटेना. आणि एकाचे मेसेज परिच्छेदच्या परिच्छेद, वाचून खूप बरं वाटायचं, पण भेटल्यावर त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. त्यामुळे माझा नियम, आठवडाभर बोलायचं, एक व्हिडिओ कॉल, मग भेटायचं. दिवसा, गर्दीच्या कॅफेत, मैत्रिणीला लोकेशन पाठवून.

घोस्टिंग, म्हणजे काही न सांगता समोरचा एकदम गायब होणं, हे होतं. लागतंही मनाला. पण बोलणं पुढे न्यायचं नसेल तर ‘मला पुढे जावंसं वाटत नाहीये, शुभेच्छा’ एवढं टाइप करायला कितीसा वेळ लागतो, सगळ्यांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेचं थोडक्यात. भेटायच्या आधी क्रिप्टो किंवा शेअरमध्ये पैसे टाकायला सांगणारा किंवा अचानक अडचण सांगून पैसे मागणारा, तिथेच ब्लॉक करा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांनो, भेटायची जागा तुम्हीही नीट बघून ठरवा, समोरून आग्रहाने एकाच हॉटेलचं नाव येतंय आणि मग अवाच्या सवा बिल, हे प्रकार दिल्ली-मुंबईत झालेत.

पैसे भरावेत का? मी महिन्याचं घेतलं होतं. कोणी लाइक केलंय ते आधी दिसतं, तेवढाच काय तो उपयोग, मॅचचा दर्जा वाढत नाही. सहा महिन्यांचं पॅकेज स्वस्त दिसतं पण घेऊ नका. आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन ते वेगळं कॅन्सल करावं लागतं, नाहीतर दर महिन्याला पैसे कापले जात राहतात.