सोनेरी कड, वाकलेली कार्डं आणि तरी न विकलेला डेक

आधी सोनेरी कडेचं बोलते, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. हा 44 कार्डांचा ओरॅकल डेक, म्हणजे भविष्य बघायला किंवा नुसतं मनन करायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच, मी फेब्रुवारीत 2,400 रुपयांना घेतला. हीच चित्रं, हीच पुस्तिका, फक्त साधी पांढरी कड असलेला डेक तेव्हा 1,850 ला मिळत होता. म्हणजे नुसत्या कडेचे 550. जळगावला लोक सुवर्णनगरी म्हणतात आणि ते आमच्या अमळनेरहून रेल्वेने तासाभरावर आहे. इथल्या बाईला सोन्याचं काही दाखवलं की ती आधी वजन विचारते. तर या कडेत सोनं गुंजभरही नसतं. कार्डांचा गठ्ठा घट्ट आवळतात आणि कडेवर चमकी फॉइल उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात. दिसायला झकास, वाद नाही. पण त्यामुळे नव्या डेकमधली कार्डं कडेला एकमेकांना धरून बसतात आणि एकेक हलक्या हाताने सोडवावं लागतं. व्हिडिओंमध्ये हे काम मेणबत्ती लावून, डेकशी ओळख करून घेण्याच्या नावाखाली चालतं. मी ते दुपारी ओट्यावर जुना पेपर अंथरून केलं. ती चमक पुढे कित्येक दिवस कणकेत, पोरांच्या वह्यांत आणि नवऱ्याच्या भुवईवर सापडत होती.

हे मी सोडूनही दिलं असतं. पण मे महिना आला.

खानदेशातला मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा 44-45 वर, बाहेर हवा खडखडीत कोरडी आणि घरात दुपारभर लोखंडी कूलर. डेक कूलरच्या समोरच्या फडताळात होता. कागद दिवसभर ती ओल पितो आणि कूलर बंद झाला की सुकतो. कार्डाला दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन असलं तरी कापलेली कड उघडीच असते, ओल तिथून शिरते. त्यात दोन बाजूंचं लॅमिनेशन सारखं नसेल तर एक बाजू जास्त ताणते आणि कार्ड वाकतं. माझी सगळीच कार्डं मधून फुगली, टेबलावर ठेवली की डोलायची. निदान त्या फॉइलने कड बंद करायचं काम तरी करावं! तेवढं केलं असतं तरी मी 550 रुपये विसरले असते. पण पिसून पिसून ती कोपऱ्यांवरून आधीच उडाली होती. साडेतीन बाय पाच इंचाचं कार्ड, माझा हात लहान, आडवं धरून पिसावं लागतं, कोपरे झिजणारच.

एका ग्रुपवर फोटो टाकला. उत्तर आलं की कार्डं आपली ऊर्जा शोषून घेतात, म्हणून त्यांचा आकार बदलतो, रात्री चांदण्यात ठेवा. शोषलं ते कूलरचं पाणी होतं, हे मी लिहिलं आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे वाकलेला कागद सरळ करणं हातातलं काम. निम्मी कार्डं उलटी, निम्मी सुलटी अशी आलटून पालटून रचली, दोन ड्रॉइंग बोर्डांमध्ये दाबली, वर जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवला. आता डेक पत्र्याच्या डब्यात असतो, सोबत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या. नव्वद टक्के सरळ झाली. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून हेच करावं. मूळ खोक्याचं चुंबकाचं झाकण शोभेपुरतं आहे, हवा आत जातेच.

विक्रेत्याशी झालेली झटापट थोडक्यात. पहिलं उत्तर: बदलून घ्यायची मुदत सात दिवस, ती संपली. दुसरं: खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. फेब्रुवारीत खोकं उघडताना मेमधलं वाकणं कसं दिसणार, हे मी विचारलं. तिसरं: कागदी वस्तू आहे, असं होणं नैसर्गिक आहे. मग मी ई-कॉमर्सचे 2020 चे नियम वाचले. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावावा लागतो. त्या अधिकाऱ्याला नियमाचा उल्लेख करून पत्र लिहिलं, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करते असंही कळवलं. पोच दुसऱ्याच दिवशी आली, एवढं श्रेय देते. महिना भरायच्या आत निकालही आला: 200 रुपयांचं कूपन, तेही 1,500 च्या वरच्या खरेदीवर. डेकचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तक्रार कडेची आणि दुकानाची आहे. चित्रकाराची नाही.

आणि आता त्या चित्रांकडे वळते, कारण डेक विकून टाकायचा विचार मनात येऊनही तो अजून घरात आहे तो त्यांच्यामुळे.

डेकचा विषय युरोपातलं रान आणि ऋतू. शाई आणि जलरंग, खऱ्या हाताचं काम. चित्रकाराचं नाव खोक्यावर ठळक आहे आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात सही आहे. ही गोष्ट मी आता पहिल्यांदा बघते. शाळेतल्या एका मॅडमनी 499 ला एक डेक घेतला. पातळ कार्डं, पुस्तिका नाही, खोक्यात क्यूआर कोडची एक चिठ्ठी, चित्रं कडेला बेधडक कापलेली. सरळ चोरीची नक्कल. दुसऱ्या एकीकडे नवा, महागडा डेक आहे आणि त्यावर चित्रकाराचं नावच कुठे नाही, चित्रं बहुधा एआयने काढलेली. सगळ्या बायांचा चेहरा एकच, केस उडताहेत, मागे चंद्र, पायाखाली जांभळा धूर. एका कार्डावर हाताला सहा बोटं मोजली. माझ्या सातवीतल्या मुलीने सहा बोटं काढली तर मी तिला स्वतःचा हात समोर धरून परत काढायला लावते. इथे माणसाने 1,900 रुपये मोजलेत.

चित्रकाराच्या नावाचा हा मुद्दा जुनाच आहे. टॅरोचा जो डेक जगभर सगळ्यात ओळखीचा, 1909 मध्ये लंडनला निघालेला, तो वर्षानुवर्षं प्रकाशक रायडर आणि कल्पना मांडणाऱ्या वेट यांच्या नावाने चालला. 78 कार्डांची चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने. पूर्वी बहुतेक डेकमध्ये आकड्यांच्या कार्डांवर नुसते चार पेले, सात तलवारी असं मांडलेलं असायचं. तिने तिथे माणसं आणली, प्रसंग आणले. आणि मोबदला? काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने तेव्हाच पत्रात लिहून ठेवलंय. 1951 मध्ये ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कार्डांवर तिच्या आद्याक्षरांची छोटीशी वळणदार खूण आहे, शोधली की सापडते. लोक आज ती चित्रं बघून भविष्य सांगतात, आणि चित्रं काढणारीला बिल भरायला पैसे नव्हते.

बरं, माझा डेक. घरी आणला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आखाजी तं दूर शे, आते पत्ता कसाले?" आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव बसतात, त्यामुळे घरात पत्ते दिसले की पैसे लावणारच हे गृहीत. भविष्य बघायचे पत्ते आहेत म्हटल्यावर त्या निवांत झाल्या. भविष्याची चौकशी त्यांना परकी नाही. मंगळवारी आमच्या गावात मंगळग्रह मंदिराकडे बाहेरगावच्या गाड्यांची रीघ असते, आणि आखाजीला मांडलेल्या भेंडवळच्या घटांचं पीकपाण्याचं भाकीत दुसऱ्या दिवशी सकाळीच फोनवर येऊन पडतं. लहानपणी स्टँडवरच्या पोपटाने काढलेली चिठ्ठी मीही वाचलीय. मी स्वतः भविष्यासाठी डेक घेतलेला नाही. संध्याकाळी एक कार्ड काढते, बघते, वहीत चार ओळी लिहिते. तेवढंच.

पण या डेकमधल्या ऋतूंनी मला छळलं. "उन्हाळा" कार्ड: हिरवळ, टोपलीत फळं, अनवाणी मुली. पुस्तिका सांगते, बाहेर पडा, सूर्याला अंगावर घ्या. हे कार्ड मला मेमध्ये भर दुपारी आलं. "हिवाळा" कार्डात सगळं मेलेलं, थिजलेलं, वाट बघा असा संदेश. आमचा हिवाळा म्हणजे शेतात भरीत, कळण्याची भाकरी, वर्षातला एकच असा काळ की माणूस माणसात येतो. पुस्तिकेतल्या संदेशांबद्दल तर काय बोलावं. "विश्वास ठेवा, सगळं जुळून येईल." कापसाच्या भावाला हे लागू होत नाही. त्याच पुस्तिकेत झाडांवरची पानं मात्र उत्तम: बर्चची साल कशी सुटते, ओकच्या आधाराने किती जीव राहतात, चित्रात अमुक झाड वाकलेलं का. एकाच पुस्तिकेत एक पान अभ्यासाचं आणि एक पान हवेतलं, असं कसं झालं कळत नाही. जूनपर्यंत माझं मत असं होतं की कार्ड छान, पण आपल्या कामाचं नाही. शिवाय कार्डांवर शब्द छापलेला नाही, दरवेळी पुस्तिका उघडावी लागते, याचाही वैताग होता.

हे मत शाळा सुरू झाल्यावर बदललं. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो आणि मुली त्यात नेहमी अडतात: तेच डोंगर, तोच सूर्य, तीच झोपडी. एक दिवस डेक वर्गात नेला. कार्ड वर धरायचं, थोडा वेळ बघू द्यायचं, पालथं करायचं, मग आठवेल ते काढा. एवढा साधा खेळ. पण कुठल्या चित्रात दम आहे आणि कुठलं नुसतं सजवलेलं, हे त्या खेळाने जितकं उघड केलं तितकं मला एकटीला बसून कळलं नव्हतं.

एका कार्डावर म्हातारी ओंडक्यावरून नदी ओलांडतेय. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात स्वतःचे बूट. सगळ्या मुलींना बूट आठवले. नदीचा रंग चुकला, झाडं चुकली, पण बूट प्रत्येकीच्या कागदावर. एकीने विचारलं, "मॅडम, ती बूट ओले होऊ नये म्हणून काढते की पाय घसरू नये म्हणून?" पुस्तिकेत यावर एक अक्षर नाही. चित्रकाराला मात्र ते नक्की माहीत असणार, म्हणून तर त्याने ते हातात दिलेत. उलट "प्रकाश", "उंच भरारी", "आतला आवाज" ही कार्डं पालथी केली की वर्गात शांतता. कुणी गोल काढला, कुणी पंख. 44 पैकी दहाबारा कार्डं अशी भरतीची आहेत, आणि खोक्यावर व जाहिरातीत नेमकी तीच छापलीत.

पावसाचं कार्ड तर ऐकाच. राखाडी आभाळ, खिडकीआड बसलेली बाई, अंगणात पाणी. पुस्तिका म्हणते दुःख, आत राहा, स्वतःला जपा. जुलैत पाऊस दडी मारून बसला होता तेव्हा मी ते वर्गात दाखवलं. खिडकी जवळजवळ कुणीच काढली नाही. बाई सगळ्यांनी काढली, पण ती अंगणात उभी, चेहरा वर. एका मुलीने मागे शेत काढलं आणि त्यात सरकी टोकणाऱ्या बाया. कार्डावर खाली "दुःख" छापलेलं असतं तर या मुलींनी रडणाऱ्या बायका काढल्या असत्या. म्हणून आता मला शब्द नसलेलीच कार्डं हवीत. पुस्तिका मी झाडांसाठी उघडते, बाकीची पानं मिटलेली.

घ्यायचा विचार असेल तर खोक्यावरच्या कार्डाला भुलू नका. सगळी कार्डं एकेक करून दाखवणारा व्हिडिओ शोधा, मधली पाच साधी कार्डं थांबवून बघा, मग फोन बाजूला ठेवून त्यातलं काय डोळ्यांसमोर राहतं ते तपासा. कुणाच्या तरी हाताची हालचाल, नजरेची दिशा, कोपऱ्यातली एखादी वस्तू आठवली पाहिजे. रंग सगळ्यांचेच सुंदर असतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफ्यात हा विचार फार पूर्वी झालाय. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, आणि कुठला पत्ता कुणाचा हे चित्रावरूनच कळतं. तसा हाताने रंगवलेला संच घ्यायची इच्छा आहे, पण सध्या किंमत बघून पान मिटते.

माझे गुण: चित्रांना पाचपैकी चार, पुस्तिकेला अडीच, खोक्याला एक. कडेला शून्यही जास्त होतं. कूपनची मुदत 31 डिसेंबरपर्यंत आहे. कुणी त्या दुकानातून 1,500 च्या वरचं काही घेणारच असेल तर विचारा, दुकानाचं नाव आणि कोड दोन्ही खासगीत देते. 200 रुपये वाया जाऊ नयेत.